चंदेरीवर रंग चढवताना: धातूच्या मिनिएचरवर निळी, हिरवी, लाल झळाळी कशी आणावी

मिनिएचरवर, म्हणजे खेळातल्या किंवा शोकेसमधल्या छोट्या मूर्तीवर, निळ्या पोलादाचं चिलखत रंगवायचं ठरलं की हात आपोआप दोन बाटल्यांकडे जातो, एक चंदेरी आणि एक निळी. पॅलेटवर दोन्हींचे थेंब एकत्र करायचे आणि लावायचे. पण हाती येतो तो ओल्या पाटीसारखा राखाडी रंग. आणखी निळा घातला की चमक मरते, आणखी चंदेरी घातली की निळा फिका पडतो, आणि या ओढाताणीत ती छोटीशी मूर्ती रंगाच्या थरांखाली दबून जाते.

असं का होतं ते एकदा नीट कळलं की पुढच्या पायऱ्या सोप्या होतात. चंदेरी रंगात चमकतात ते ॲल्युमिनियमचे किंवा लेप दिलेल्या अभ्रकाचे बारीक, चपटे कण. रंग वाळताना ते आडवे निजतात आणि आरशाच्या तुकड्यांसारखे प्रकाश परत फेकतात. साध्या निळ्या रंगाचे कण अपारदर्शक. ते या आरशांवर बसतात, त्यांच्या मध्ये शिरतात आणि प्रकाश वाटेतच विखुरतात. निळ्यात पांढरा मिसळलेला असेल तर विचारूच नका. पांढऱ्यातलं टायटॅनियम डायऑक्साइड प्रकाश इतका विखुरतं की चकाकीचं पीठ होतं.

म्हणून चमक आणि रंग ही दोन कामं दोन वेगळ्या थरांवर सोपवायची. खाली स्वच्छ चंदेरी, वर पारदर्शक रंग. स्टीलच्या चमच्यावर निळा जिलेटीन कागद ताणून धरा. चमचा निळा दिसतो, तरी धातूचाच दिसतो. गाड्यांवरचा कँडी पेंट याच तत्त्वावर चालतो. प्रकाश निळ्या थरातून खाली जातो, चंदेरीवर आपटतो आणि त्याच थरातून परत वर येतो, म्हणजे एकाच थराची गाळणी त्याला दोनदा लागते. हे ‘दोनदा’ डोक्यात पक्कं ठेवा. खालचा चंदेरी जितका उजळ हवा असं वाटतं त्याहून थोडा अधिकच उजळ ठेवावा लागतो, तो यामुळे.

आधी धातू

धातूची मूर्ती म्हणजे बहुतेक वेळा कथिलाचा मिश्रधातू. त्यात अँटिमनी किंवा बिस्मथ असतं, आणि जुन्या मूर्तींमध्ये शिशाचं प्रमाण बरंच असतं. साच्याच्या दोन अर्ध्या भागांची जोडरेघ अंगावरून गेलेली दिसते. साध्या मॅट रंगाखाली ती थोडीफार लपते. चकचकीत रंगाखाली मात्र दिव्याची तिरीप नेमकी तिच्यावरच चमकते. त्यामुळे रंगीत धातू करायचा असेल तर कानशीचं काम नेहमीच्या दुप्पट मनापासून करा. बारीक कानस, मग ६०० आणि १००० नंबरचा पॉलिश पेपर, तोही पाण्यात भिजवून. ओल्या घासण्यामुळे ओरखडे कमी पडतात आणि धूळ उडत नाही. जुन्या, शिसं असण्याची शक्यता असलेल्या मूर्तीच्या बाबतीत धूळ न उडवणं हा आरोग्याचा मुद्दा आहे. काम संपलं की हात साबणाने धुवायचे आणि टेबल ओल्या कपड्याने पुसायचं. त्या टेबलावर खाणंपिणं ठेवायचं नाही.

घासून झालं की मूर्ती कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब टाकून जुन्या टूथब्रशने धुवा. साच्यातून मूर्ती सुटावी म्हणून लावलेली पावडर आणि आपल्याच बोटांचं तेल, दोन्ही जायला हवं. पूर्ण वाळल्यावर तिला बुचावर किंवा हँडलवर चिकटवा आणि यापुढे अंगाला बोट लावू नका.

प्रायमर काळा, आणि गुळगुळीत

रंगीत धातूसाठी मी काळा प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा पायाचा थर, वापरते. चंदेरीचा थर एखाद्या खाचेत पोचला नाही तर तिथे काळं राहतं आणि ती सावली म्हणून खपून जाते. पांढऱ्या प्रायमरवर तीच जागा रंग राहिल्यासारखी उघडी पडते. शिवाय अभ्रकाचे कण पूर्ण झाकणारे नसतात. पांढऱ्यावर ते विरघळल्यासारखे दिसेनासे होतात, काळ्यावर उठून दिसतात.

पण काळेपणापेक्षा गुळगुळीतपणा महत्त्वाचा. खरखरीत प्रायमरवर चपटे कण आडवे निजू शकत नाहीत. ते वेड्यावाकड्या कोनांत बसतात आणि चमकण्याऐवजी चुरचुरीत दिसतात. स्प्रेचा डबा दोन मिनिटं हलवा, साधारण २० सेंटिमीटरवरून आडवे झपके द्या, दोनतीन पातळ हात पुरेत. हवा फार दमट असेल तर त्या दिवशी स्प्रे करू नका, थर धुरकट पडतो. फार लांबून मारलं तर रंगाचे थेंब वाटेतच वाळून वाळूसारखे बसतात. प्रायमर वाळल्यावर काळ्या चकचकीत (ग्लॉस) रंगाचा एक पातळ हात दिला तर वरची चंदेरी जवळजवळ आरशासारखी होते. अलक्लॅडसारखे एअरब्रशने, म्हणजे हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या पेनने, मारायचे लॅकर रंग तर काळ्या चकचकीत पायावरच खरे खुलतात. ते वापरताना खिडकी उघडी आणि तोंडावर बाष्प अडवणारा मास्क, यात तडजोड नको.

चंदेरीचा थर: सावली इथेच ठरते

चंदेरी निवडताना कणांचा आकार बघा. २८ मिलिमीटर उंचीच्या योद्ध्याच्या छातीवर जाड कणांचा रंग लावला तर चिलखत धातूचं न वाटता चमकी शिंपडल्यासारखं दिसतं. वालेहो कंपनीच्या मेटल कलर मालिकेतले रंग अतिशय बारीक ॲल्युमिनियमचे आहेत आणि ब्रशनेही छान बसतात. बाटली हलवायची ती आतलं सगळं एकजीव होईपर्यंत, कारण कण जड असतात आणि तळाशी बसतात. अर्धवट हलवलेल्या बाटलीतून वर येतं ते नुसतं पांढुरकं माध्यम.

ब्रश वेगळा आणि पाण्याचा पेलाही वेगळा ठेवा. चंदेरीचे कण एकदा पाण्यात उतरले की पुढच्या सगळ्या रंगांत फिरतात. चेहऱ्याच्या त्वचेवर चमचमणारा ठिपका सापडला तर तो याच पेल्यातून आलेला असतो.

पातळ दोन ते तीन हात द्या, प्रत्येक हाताला वाळायला वेळ द्या. अर्धवट वाळलेल्या जागेवरून ब्रश परत फिरवला की कण उकरले जातात आणि खाली काळे ओरखडे दिसू लागतात. एक जागा राहिली असेल तर राहू द्या, पुढच्या हातात भरा.

आता ज्या गोष्टीने माझं काम सगळ्यात जास्त सुधारलं, ती सांगते. उजेड आणि सावली रंगीत थरात काढायची नाही, ती चंदेरीतच आधी काढून ठेवायची. छातीच्या पत्र्याचा खालचा भाग, काखेजवळचा भाग, पट्ट्याखालची जागा गडद पोलादी रंगाने. मधला भाग साध्या चंदेरीने. जिथे उजेड पडणार तिथे सर्वांत उजळ चंदेरी. सगळं राखाडी छटांत, एखाद्या कृष्णधवल फोटोसारखं. या टप्प्यावर फरक जरा भडक वाटला पाहिजे, कारण वरचा रंग त्याला एकत्र ओढून सौम्य करतो. मग सगळ्यावर ग्लॉस वार्निशचा एक पातळ हात. हा हात दोन कामं करतो. वरचा रंग चुकला तर ओल्या ब्रशने पुसून काढता येतो आणि खालची चंदेरी शाबूत राहते, शिवाय ग्लेझ, म्हणजे वरचा पातळ पारदर्शक रंग, घसरून सारखा पसरतो.

कोणता पारदर्शक रंग

सगळ्यात सोयीचा पर्याय म्हणजे ॲक्रिलिक इंक. बाटलीवर रंगद्रव्याचा क्रमांक छापलेला असेल तर तो वाचायची सवय लावून घ्या. पीबी १५ हा थॅलो निळा, पीजी ७ हा थॅलो हिरवा, पीव्ही १९ हा क्विनाक्रिडोन, जो किरमिजीपासून जांभळट लालपर्यंत मिळतो. तिन्ही अतिशय पारदर्शक आणि प्रकाशात टिकणारे. डायच्या, म्हणजे विरघळणाऱ्या रंजकाच्या इंक पहिल्या दिवशी याहूनही झगझगीत दिसतात, पण उजेडात हळूहळू उडतात. उजेडातल्या शोकेसमध्ये ठेवायच्या मूर्तीसाठी रंगद्रव्याचीच इंक घ्या.

दुसरा पर्याय टामिया कंपनीचे क्लिअर, म्हणजे पारदर्शक, रंग: एक्स-२३ निळा, एक्स-२४ पिवळा, एक्स-२५ हिरवा, एक्स-२६ नारिंगी, एक्स-२७ लाल. काचेसारखी खोली यांच्यात आहे, पण स्वभाव हट्टी आहे. यांचा द्राव अल्कोहोलवर्गीय, त्यामुळे दुसरा हात ब्रशने देताना पहिला विरघळून गोळा होतो. ब्रशने लावायचे असतील तर भरपूर रंग घ्या, एकाच दिशेने एकदाच ओढा आणि दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावू नका. एअरब्रशने मात्र ते लोण्यासारखे बसतात: कंपनीच्याच थिनरमध्ये पातळ करून, साधारण १५ पीएसआय दाबावर, एकावर एक धुक्यासारखे हात.

तिसरा पर्याय सिटाडेल या ब्रँडच्या २०१९ मध्ये आलेल्या कॉन्ट्रास्ट रंगांचा आणि त्या धर्तीवरच्या इतर रंगांचा. हे खाचांत आपोआप साचतात. साखळ्यांचं चिलखत, खवले, पिसं अशा खडबडीत जागी चंदेरीवर कॉन्ट्रास्टचा एकच हात सुंदर काम करतो. सपाट ढालीवर मात्र त्याचे ढगाळ डाग पडतात. तिथे तो वापरू नका.

एक छातीचा पत्रा, जवळून

२८ मिलिमीटरच्या सरदाराचा छातीचा पत्रा. चंदेरीत उजेड-सावली काढलेली, ग्लॉस वार्निश वाळलेलं. पॅलेटवर थॅलो निळ्या इंकचा एक थेंब आणि ग्लेझ मीडियमचे दोनतीन थेंब. नुसतं पाणी घालू नका. पाण्याने इंक पातळ होते, पण वाळताना सगळा रंग थेंबाच्या कडेला पळतो आणि चहाच्या कपाखाली उमटतं तसं वर्तुळ पडतं. मीडियम त्याला जागेवर धरून ठेवतं.

१ नंबरचा ब्रश बुडवा आणि टिश्यूवर एकदा टेकवा. ब्रश ओला हवा, थबथबलेला नको. पत्र्याच्या उजळ भागापासून सुरुवात करा आणि सावलीकडे ओढा. ब्रश जिथे उचलला जातो तिथे सर्वांत जास्त रंग उतरतो, त्यामुळे उचलण्याची जागा नेहमी सावलीत असू द्या. पहिला हात दिल्यावर निराशा वाटेल. पत्रा जेमतेम निळसर दिसतो, चंदेरीला थंडी वाजल्यासारखा. तसाच दिसायला हवा. दहा-पंधरा मिनिटं थांबा, दुसरा हात द्या. तिसऱ्या हाताला निळा ‘आहे’ असं वाटू लागतं. चौथ्या हातापासून उजळ भाग सोडून द्यायचा आणि फक्त खालच्या अर्ध्या भागावर काम करायचं. पाचवा हात फक्त काखेजवळ आणि पट्ट्याच्या वरच्या रेघेत. त्यात किंचित जांभळी इंक मिसळा. काळी नको. काळ्याने सावली मेल्यासारखी होते, जांभळ्याने निळा आणखी खोल वाटतो.

मग कडा. पत्र्याच्या वरच्या कडेवर आणि मधल्या उभ्या धारेवर शुद्ध चंदेरीची केसाएवढी रेघ. ती वाळल्यावर नुसती पांढरी चमकते, अंगावर चिकटवल्यासारखी. तिच्यावरून पहिल्याच पातळ ग्लेझचा एक हात फिरवला की ती पत्र्याच्या पोटात जाऊन बसते. शेवटी, खांद्याजवळच्या एकाच बिंदूवर चंदेरीचा ठिपका, आणि त्याला ग्लेझ द्यायचा नाही. मूर्ती हातात फिरवली की हा ठिपका आधी पेटतो आणि मग निळा त्याच्या मागून सरकत येतो.

खालचा धातू बदलला की

चंदेरीवर क्विनाक्रिडोन लाल दिला तर थंड, थोडा गुलाबीकडे झुकणारा लाल मिळतो. तोच सोनेरीवर दिला तर डाळिंबी आणि ऊबदार. मी लाल चिलखत जवळजवळ नेहमी फिकट सोनेरीवर करते. चंदेरीवरच करायचं असेल तर आधी पारदर्शक पिवळ्याचा एक हात देऊन मग लाल द्या, गुलाबीपणा जातो. लालच्या सावलीसाठी जांभळट तपकिरी चांगली.

हिरव्याला दोन्ही चालतात. चंदेरीवर थॅलो हिरवा दिला की पाचूसारखा थंड, सोनेरीवर दिला की भुंग्याच्या पाठीसारखा पिवळसर हिरवा. ड्रॅगनच्या पाठीचे खवले चंदेरीवर आणि पोट सोनेरीवर करून दोन्हींवर एकच हिरवी इंक चढवा. एकाच बाटलीतून दोन हिरवे मिळतात आणि ते एकमेकांशी भांडत नाहीत. निळा आणि जांभळा मात्र सोनेरीवर देऊ नका. निळा शेवाळी होतो आणि जांभळा मातकट तपकिरी, कारण सोनेरीतला पिवळा त्यांच्यात मिसळून दिसतो. मोरपंखी हवा असेल तर चंदेरीवर आधी निळा, मग सावलीच्या बाजूने हिरवा, आणि दोन्ही मधे एकमेकांवर चढू द्या.

कोनानुसार रंग बदलणाऱ्या रंगांचं प्रकरण वेगळं. त्यांना चंदेरी लागत नाही. थेट चकचकीत काळ्यावर लावा, रंग तिथेच उमटतो.

मिसळणं कुठे चालतं

पन्नास शिपायांची तुकडी एकाच रंगात करायची असेल तर प्रत्येकावर पाच ग्लेझ देणं शक्य नाही. तेव्हा चंदेरीत इंक मिसळा, साधा रंग नाही. चार थेंब चंदेरीला एक थेंब इंक इथून सुरू करा. इंक पारदर्शक असल्याने कण झाकले जात नाहीत आणि रंग मऊ पण जिवंत राहतो. खोली कमी असते हे मान्य. वरून त्याच रंगाचा वॉश, म्हणजे खाचांत साचणारा पातळ रंग, दिला की हातभर अंतरावरून तुकडी छान दिसते.

तापलेल्या पोलादाचे रंग

तलवारीच्या टोकावर किंवा तोफेच्या नळीवर भाजल्याची इंद्रधनुषी झाक देताना बरेच जण रंग मनाला येतील तसे लावतात. खऱ्या पोलादावर त्यांचा क्रम ठरलेला असतो, कारण तापमान वाढेल तसा वरचा ऑक्साइडचा थर जाड होतो आणि प्रत्येक जाडीला आपला रंग असतो. सुमारे २२० अंश सेल्सियसला फिकट गवती पिवळा, २६० च्या आसपास तपकिरी, २८० ला जांभळा, ३०० ला निळा. म्हणजे आचेच्या सर्वांत जवळ निळा, मग जांभळा, तपकिरी, आणि सर्वांत लांब पिवळा. चंदेरीवर पिवळ्या इंकचा पट्टा सर्वांत रुंद घ्या, त्याच्या आत तपकिरी, त्याच्या आत जांभळा, टोकाला निळा, आणि प्रत्येकाची कड ओल्या स्वच्छ ब्रशने विरवून टाका. पट्टे सारख्या रुंदीचे नकोत. जांभळा अगदी चिंचोळा ठेवा.

उघड्या धातूवर थेट रंग

धातूच्याच मूर्तीला मिळणारी एक संधी आहे, जी प्लॅस्टिकला नाही. तलवारीचं पातं किंवा ढाल प्रायमर न लावता झाकून ठेवा. मग मऊ धातू गुळगुळीत स्टीलच्या टोकाने, चमच्याच्या पाठीने दाबून दाबून घोटा. खरी चांदीसारखी चकाकी येते. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, लॅकरचं ग्लॉस वार्निश द्या आणि त्यावर क्लिअर रंग. इतकी खोली कुठलीच बाटली देत नाही. मात्र हा थर सतत हाताळलेला सोसत नाही, त्यामुळे खेळातल्या मूर्तीवर करू नका. आणि वार्निश लवकर द्या. उघडा धातू हवेने मंदावतो, शिसं असेल तर आणखी लवकर.

वार्निश

इथे माझं एक पूर्ण केलेलं काम गेलं होतं. लाल चिलखताचा घोडेस्वार, तीन आठवडे चाललेला. सवयीने संपूर्ण मूर्तीवर मॅट वार्निशचा स्प्रे मारला. दुसऱ्या दिवशी चिलखताच्या जागी विटेचा रंग होता. मॅट वार्निशमधले सिलिकाचे कण पृष्ठभाग खडबडीत करून प्रकाश विखुरतात. त्वचेला आणि कापडाला ते हवंच असतं, धातूला मारक. वाचवायला ग्लॉस वार्निशचे दोन हात ब्रशने दिले, आणि बरीचशी झळाळी परत आली, कारण ग्लॉस त्या खडबडीत पृष्ठभागाचे खळगे भरून काढतो. आता क्रम असा ठेवते: आधी सगळ्यावर ग्लॉस, मग कापड, कातडं, चेहरा यांवर ब्रशने मॅट, आणि रंगीत धातूवर हवं तर अर्धवट चमकणारं सॅटिन. मॅट कापडाला लागून असला की चकचकीत पत्रा दुप्पट उठून दिसतो.

बिघडलं तर

रंग फार गडद झाला असेल तर वरून चंदेरी फासून उजळ करायला जाऊ नका, ती फक्त राखाडी साय बसते. त्या भागावर ग्लॉस द्या, वाळू द्या, उजेडाच्या जागा चंदेरीने नव्याने काढा आणि एकदोन ग्लेझ परत चढवा. खाचेत थेंब साचला असेल तर तो ओला असतानाच कोरड्या ब्रशच्या टोकाने शोषून घ्या. वाळू लागलेल्याला हात लावलात तर साय फाटते. साय फाटलीच तर पूर्ण वाळू द्या, मग २००० नंबरच्या ओल्या पेपरने तेवढीच जागा सपाट करा, आणि खाली काळं दिसलं तर चंदेरीपासून सुरुवात करा. शेजारचे पत्रे झाकायची गरज नाही, कारण पत्र्यांमधली खोल रेघ शेवटी गडद इंकने भरली की नवा-जुना भाग कुठे जुळतो ते दिसत नाही.